एक नंबरची दोरी

मृत्यूपुढे सगळी माणसं सारखी, असं बहुतेक धर्मग्रंथांत कुठे ना कुठे लिहिलेलं सापडतं. बालॉर्न गावात मात्र मृत्यूपुढे माणसांना नंबर असतात. एकपासून आठपर्यंत. पेटी खड्ड्यात सोडायला आठ दोऱ्या, दर दोरीला एक माणूस, आणि दर माणसाला आधी पोचलेलं एक कार्ड: काळ्या कडेचं, पत्त्याएवढं, मधोमध पेटीचा लांबट चौकोन आणि त्याच्या भोवती आकडे. एक म्हणजे डोकं, दोन म्हणजे पाय, बाकीचे सहा दोन्ही अंगांना तीन-तीन. ज्याचा जो आकडा त्याभोवती गोल केलेला असतो. एक नंबर थोरल्या मुलाचा. हे इतकं ठरलेलं, की पूर्वी पहिला मुलगा झाला की सुईण बाहेर येऊन बापाला 'एक नंबर आला' एवढंच सांगायची, आणि बापही आपल्या मरणाची निम्मी व्यवस्था लागली म्हणून समाधानानं टोपी सारखी करायचा. मुली झाल्या तर सुईण नुसतं 'सुखरूप आहे' म्हणायची. बायकांनी दोरी धरू नये असा काही नियम नव्हता. आजवर कुणी धरली नव्हती, एवढंच.

म्हणून गुरुवारी सकाळी ग्लासगोमधल्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर, इशबेलनं लिफाफा फोडला आणि आतून आलेल्या कार्डावर एकच्या आकड्याभोवती पेन्सिलीचा गोल दिसला, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की लिफाफे बदलले. हे रूरीचं. रूरी म्हणजे तिचा भाऊ, तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, जन्मापासून बालॉर्नमध्ये आणि गेली वीस वर्षं बापाच्या उशाशी. पण कार्डाच्या तळाशी तिचंच नाव होतं, आणि अक्षर बापाचं होतं. टॉर्किलचा 'ल' नेहमी ओळीखाली घसरायचा, चाक खड्ड्यात जावं तसा. बाप गेल्याचं तिला मंगळवारीच कळलं होतं. रूरीचा फोन आला होता. "म्हातारा गेला." "कधी?" "सकाळी. चहा घेतला, मग गेला." "बरं." "शनिवारी आहे." "येते." त्यावर तिनं फोन ठेवला होता आणि उरलेलं काम संपवलं होतं, आणि आपण इतक्या शांत आहोत याचं तिला थोडं कौतुकही वाटलं होतं. बाप सत्त्याऐंशीचा होता. सत्त्याऐंशीचे बाप जातात. त्या बातमीनं जे हललं नव्हतं ते आता या पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यानं हललं. कानाला फोन होता. पलीकडे एक गृहस्थ वरच्या मजल्यावरच्या कपडे धुण्याच्या यंत्राबद्दल सांगत होते. इशबेल महापालिकेत आवाजाच्या तक्रारी घ्यायची. तेवीस वर्षं ती लोकांच्या घरात यंत्र लावून दुसऱ्या लोकांचा आवाज मोजत आली होती, आणि तिच्या लक्षात आलं होतं की माणसाला आवाजाचा त्रास फारसा नसतो. भिंतीपलीकडे कुणीतरी आपल्याशिवाय जगतंय, ते ऐकवत नाही. "तुम्ही ऐकताय ना?" गृहस्थ म्हणाले. "ऐकतेय," ती म्हणाली, आणि पेन्सिलीच्या गोलावरून बोट फिरवलं. पेन्सील थोडी अंगठ्याला लागली. तिनं अंगठा चटकन मागे घेतला, जसा काही तो गोल पुसून आपण बापाचा निर्णय फिरवणार होतो.

शुक्रवारी ती गाडीनं निघाली. ग्लासगोपासून साडेचार तासांचा रस्ता, आणि शेवटचे अकरा मैल तिच्या बापाचे. म्हणजे मालकीचे नव्हेत. टॉर्किल एकेचाळीस वर्षं त्या अकरा मैलांचा रस्तेवाला होता. खड्डे बुजवायचा, गटारं उघडी करायचा, कडेचं गवत कापायचा, हिवाळ्यात बर्फ सारायचा. एका गाडीपुरता रस्ता. समोरून कुणी आलं तर थांबायला मधून मधून रस्त्याला पोट काढलेलं. डाव्या हाताला खाडीचं पाणी, शिशाच्या रंगाचं, त्यावर वाऱ्यानं उलट्या हातानं पुसल्यासारखे पट्टे. उजव्या हाताला मागच्या वर्षीचं गंजलेलं नेचं, त्यातून वर चढत गेलेले जांभळट बर्चवृक्ष, ज्यांना अजून पान नव्हतं पण पान येणार असल्याचा एक धूर होता. मार्चचा शेवट. काच खाली केली तर ओल्या लोकरीचा, समुद्राच्या शेवाळाचा आणि कुठल्याशा चुलीतल्या कोळशाचा वास एकदम आत आला, विचारलं नसताना. इशबेलनं गाडी हळू केली. शहरात तिला कुणी गावाबद्दल विचारलं तर ती 'पाऊस आणि मेंढ्या' म्हणून विषय संपवायची, आणि लोक हसायचे. ते खोटं नव्हतं. पण आत्ता त्या मेंढ्यांच्या पाठीवर पावसानंतरचं ऊन असं पडलं होतं, की एवढं सुंदर काहीतरी आपण तेहेतीस वर्षं एका विनोदात गुंडाळून ठेवलं याची तिला लाज वाटली. मग एक मेंढी रस्त्याच्या मधोमध येऊन मुतली आणि लाज थोडी कमी झाली.

पुलापाशी समोरून एक गाडी आली. इशबेल पोटात थांबली, गाडी शेजारून गेली, आणि जाताना चालकानं स्टिअरिंगच्या चाकावरून एक बोट उचललं. तर्जनी, इंचभर. या रस्त्यावर सगळे तसं करतात; ओळख असो-नसो, भांडण असो-नसो. बापाचं त्याबद्दल एक शास्त्र होतं. एक बोट म्हणजे 'दिसलास', दोन म्हणजे 'बरा आहेस ना', आणि पूर्ण पंजा उचलणारा माणूस एक तर परगावचा किंवा प्यालेला. इशबेलचं बोट उचललंच गेलं नाही. शहरातल्या सवयीनं ती चाक घट्ट धरून बसली होती. गाडी गेल्यावर तिनं आरशात बघून बोट उचललं, रिकाम्या रस्त्याकडे.

घराच्या दारात ती उतरली तेव्हा आत जवाचं सूप ताटलीत वाढलेलं होतं आणि त्यातून वाफ येत होती. "मी पोचतेय ते कसं कळलं?" "पुलावरून तिघांनी कळवलं," रूरी म्हणाला. तो दारातून बाजूला झाला, म्हणजे त्यानं तिला मिठी मारली, असं त्या घरात समजायचं. तो पंचावन्नचा होता आणि त्याची मान बापासारखी पुढे आली होती. "रस्ता कसा होता?" "चांगला." "दुसऱ्या वळणावर गटार तुंबलंय." "दिसलं नाही." "दिसत नाही. ऐकू येतं." त्यानंतर दोघांनी सूप प्यालं. पुढच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिथं दोन स्टुलांवर पेटी होती. कुणी त्याबद्दल बोललं नाही. घरात पाहुणा झोपला असला तर बोलू नये, तसं.

बालॉर्नमध्ये दोन गोष्टी असभ्य मानल्या जातात: न विचारता सांगणं आणि विचारणं. या हिशेबानं गावात कुणालाच कुणाबद्दल काही माहीत नसायला हवं. प्रत्यक्षात सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि ते कसं माहीत होतं हे कुणी विचारत नाही. इशबेलनं खिशातलं कार्ड टेबलावर ठेवलं, सुपाच्या ताटलीशेजारी. "हे तुझं आहे," ती म्हणाली. रूरीनं कार्डाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "नाव तुझं आहे." "नाव माझं असेल. जागा तुझी आहे. वीस वर्षं तू—" "एक मेंढी अडलीय," रूरी उठत म्हणाला, "सकाळपासून. बघून येतो." आणि गेला. मेंढी खरोखरच अडली होती. त्या गावातली हीच अडचण. माणसं विषय टाळायला जी कारणं देतात ती खरी असतात.

मग ती पुढच्या खोलीत गेली. झाकण अजून लावलं नव्हतं. बाप लहान झाला होता आणि त्याला असा चेहरा दिला होता, की जणू कुणीतरी त्याला मुदतीत काम पूर्ण केल्याबद्दल शाबासकी देतंय आणि त्याला ती पटत नाहीये. ती उशाशी उभी राहिली, म्हणजे उद्या जिथे उभी राहायची होती तिथेच, आणि तिच्या लक्षात आलं की या डोक्याची तिला चांगली ओळख आहे. आई गेल्यावर, ती तेरा वर्षांची असल्यापासून, दर सहा आठवड्यांनी रविवारच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बाप बसायचा, खांद्यावर टॉवेल, आणि ती त्याचे केस कापायची. डांबराचा वास मुळांपर्यंत गेलेला असायचा. उजव्या कानामागे एक खोक होती, दगड फोडताना उडालेल्या कपचीची. तिथं केस यायचे नाहीत आणि तिथं कात्री हळू न्यायची. 'मान खाली घाल,' ती म्हणायची. आयुष्यात तिनं बापाला दिलेला हा एकमेव हुकूम, आणि त्यानं तो प्रत्येक वेळी निमूट पाळला होता. एकोणिसाव्या वर्षी ती शहरात गेल्यावर केस कोण कापत होतं? रूरीच. आत्ताचा कापही रूरीचा होता. मागे जरा तिरका, मेंढी कातरणाऱ्या माणसाच्या हातचा, पण कानामागे तिथं हळू नेलेला. तिनं ते पाहिलं आणि कार्ड खिशात जड झालं. रूरीचं डोकं आहे हे, तिला वाटलं. डोक्याच्या दोरीवर ज्याचा हक्क तो बाहेर गोठ्यात कोपरापर्यंत मेंढीत हात घालून बसलाय, आणि उद्या सगळ्या गावासमोर त्याला पायाकडे उभं करणार. असं का केलंस? हे तिनं बापाला विचारलं, मनात. त्या घरात तेवढंच विचारायची रीत होती.

तिनं कारणं जमवायला घेतली, तक्रारीच्या फायलीत जमवायची तशी. एक: क्षमा. ती गेली त्या जानेवारीत पाच दिवस बर्फ पडत होता आणि ग्लासगोची बस गाठायची तर अकरा मैल पार करून मुख्य रस्त्याला जायला हवं होतं. आपण जातोय हे तिनं बापाला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं आणि तो 'हं' म्हणाला होता. त्या दिवशी ती उठली तर तो घरात नव्हता. उजाडल्यावर आला, भुवयांना बर्फ, हातमोजे ताठ झालेले, दारात उभा राहिला आणि म्हणाला, "रस्ता मोकळा आहे." एवढंच. अकरा मैल बर्फ त्यानं रात्रीपासून, फाळ लावलेल्या ट्रॅक्टरवर, एकट्यानं सारला होता. पुढची तेहेतीस वर्षं ती ते वाक्य उलटसुलट करून पाहत राहिली. 'जा, अडवत नाही.' 'जा एकदाची.' 'ये, कधीही, रस्ता आहे.' शहरातल्या खोलीत, लग्नात, लग्न मोडल्यावर, कुणाच्या तरी भिंतीला यंत्र लावून आवाज मोजताना, ते वाक्य वेगवेगळ्या स्वरांत ऐकू यायचं आणि कुठलाच स्वर नक्की ठरायचा नाही. आधी ती वर्षातून एकदा यायची, मग दोन वर्षांतून एकदा, आणि गेली तीन वर्षं आलीच नव्हती. कारण असं काही नाही. तेव्हा कारण दोन: शिक्षा. जिवंतपणी माझ्या उशाशी बसली नाहीस, आता डोकं धर. तिला हे कारण पहिल्यापेक्षा जास्त पटलं, आणि जास्त पटलं म्हणून तिनं ते फायलीत वर ठेवलं. तिसरं कारण तिला सुचलं ते इतकं वाईट होतं की ती खिडकीशी गेली: बापाला ती जास्त आवडत होती. रूरीनं वीस वर्षं चहा केला, केस कापले, पाय चोळले, आणि म्हाताऱ्यानं पेन्सील घेऊन शेवटी दूरच्या मुलीभोवती गोल काढला. असं असतं तर ते पेटीत झोपलेल्या माणसाला शोभणारं नव्हतं. बाहेर काळ्या-पांढऱ्या अंगाचे, लाल चोचीचे किनाऱ्यावरचे पक्षी कुरणावर उतरून एकमेकांना शिव्या घालत होते. तिनं सवयीनं अंदाज केला, साठ डेसिबल. त्यांच्यापलीकडे शांतता होती, पण शहरातल्या दोन तक्रारींच्या मधली असते तशी रिकामी नाही. हिच्या तळाशी पाणी होतं. कुठेतरी गटारातून, पुलाखालून, गवताच्या मुळांतून चालत असलेलं.

दुपारी फार्कर आला. फार्कर गावचा सुतार, शाळेच्या बसचा चालक आणि गरज पडेल तेव्हा अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा. या तिन्ही कामांत त्याचा काळा कोट एकच असायचा. त्याच्या मागोमाग शोनाक आली, शेजारची, पंचाहत्तरीची, फडक्यात बांधून उकडलेला मनुक्यांचा गोळा घेऊन. तो इतका जड होता की टेबलानं आवाज केला.

"पुलापाशी बोट उचललं नाहीस म्हणे," शोनाक म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही. चार माणसं."

"एकच गाडी होती, शोनाक."

"एकातच चौघे होते." तिनं गोळ्याची गाठ सोडली. "जाऊ दे. शहरात बोटं गारठत असतील."

फार्कर झाकणाचे स्क्रू मोजत होता. इशबेलनं त्याच्यापुढे कार्ड धरलं. "फार्कर, हे बदलायचंय. एक रूरीला दे. मला बाजूचा कुठलाही चालेल. नाहीतर मी नुसती उभी राहते."

फार्करनं कार्ड हातात घेतलं नाही. "नंबर बदलत नसतात, पोरी."

"कोणी ठरवलं?"

"ज्याची पेटी त्यानं. माझ्या बापाच्या वेळी एकदा बदलले होते, चार आणि पाच. साधे बाजूचे नंबर. ती दोन घरं अजून बोलत नाहीत. आता तर भांडण काय होतं तेही कुणाला आठवत नाही, पण बोलत नाहीत." त्यानं स्क्रू खिशात टाकले. "तुझ्या बापानं दोन वर्षांपूर्वी बसून आठही कार्डं स्वतः लिहिली. पेटीचं मापही दिलं. मग सहा महिन्यांनी बोलावून म्हणाला, पुन्हा घे, मी आक्रसलोय, लाकूड वाया जाईल."

"आणि सहा नंबर कुणाचा आहे? तो मला दिलास तर—"

"आलेकचा. तो डिसेंबरातच गेला. मी म्हाताऱ्याला म्हटलं, दुसरं नाव घाल. तो म्हणाला, राहू दे, आलेक आधीच खाली पोचलाय, तो खालून धरेल."

इशबेल हसली. हसू तिच्या तोंडून असं बाहेर पडलं की शोनाकनं गोळ्यावरची नजर उचलून पाहिलं. मंगळवारपासून ती पहिल्यांदा हसत होती आणि ते बापाच्या विनोदावर, जो तिनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. ती नसताना तो असा बोलत होता तर. ती नसताना या स्वयंपाकघरात लोक बसत, चहा होई, मरणाची मापं होत, आणि कुणीतरी टेबलावर हात मारून हसत असे. भिंतीपलीकडे कुणीतरी आपल्याशिवाय जगतंय. तिला पहिल्यांदा कळलं की ज्या तक्रारी ती तेवीस वर्षं लिहून घेत आली, तसली तिचीही एक होती.

"माझं मत विचारशील," शोनाक म्हणाली, "एक नंबर तुला का, तर—"

"मी विचारलं नाही, शोनाक." हे तिच्या तोंडून रागानं गेलं. शोनाकचं सांगणं तिला ऐकायचं नव्हतं. तिसरं कारण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं तिला झेपलं नसतं.

"मग नाही सांगत," शोनाक म्हणाली, जराही न दुखावता, आणि खरोखरच सांगितलं नाही. तिनं गोळा कापला. फार्करनं दोन तुकडे खाल्ले. संध्याकाळपर्यंत सात-आठ माणसं येऊन गेली, प्रत्येकानं काहीतरी आणलं, पेटीजवळ क्षणभर उभं राहिली, हवामानाबद्दल एक वाक्य बोलली आणि गेली. कुणीही 'वाईट झालं' म्हटलं नाही. कुणीतरी मधल्या मधे कोळसा आणून ठेवला, कुणीतरी दाराचं कुरकुरणारं बिजागर तेल घालून गेलं. ही कामं करताना तिनं कुणालाच पाहिलं नाही. शहरात तिच्या शेजारणीचा नवरा गेला तेव्हा इमारतीतल्या प्रत्येकानं 'काही लागलं तर सांगा' असं सांगितलं होतं. इथे कुणी तसं म्हणत नव्हतं, आणि जे लागेल ते सगळं आधीच झालेलं होतं. रूरी आला, हात धुतले. "मेंढी?" "जगली. दोन झाली." तो आनंदात होता. ती त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत राहिली. बापासारखाच चेहरा, ज्यावर काही लिहिलेलं नसतं. दुखावलाय का? असलाच तर मला कधीच कळणार नाही, आणि मी मरेपर्यंत हा मला चांगलं सूप वाढत राहील. तिला ते सूप सहन होईना.

शनिवारी आकाश खाली आलं होतं पण पडलं नव्हतं. पाद्रीबाई चार गावांच्या मिळून एकच होत्या आणि दुपारी त्यांना दुसरीकडे बाप्तिस्मा होता, त्यामुळे देवाचं त्यांनी थोडक्यात आटोपलं, आणि टॉर्किलबद्दल त्या एवढंच म्हणाल्या की एकेचाळीस वर्षांत या रस्त्यावर एकदाही कुणी अडकून राहिलं नाही. त्यांच्या लेखी ते जेमतेम एक वाक्य होतं. पण बाकांमधून एक हालचाल गेली, गवतावरून वारा जावा तशी, आणि इशबेलला जाणवलं की या लोकांकडे यापेक्षा मोठं वाक्य नाही. मग पेटी खांद्यावर घेतली. चर्चपासून खाडीकाठच्या दफनभूमीपर्यंत अर्धा मैल, आणि तो अर्धा मैल सगळ्या गावानं आळीपाळीनं वाहायचा: पुढचे दोघे काही पावलं चालले की बाजूला सरायचे, मागचे पुढे, आणि बाजूला सरलेले शेवटी जाऊन जोडले जायचे. कुणी हाक देत नव्हतं, कुणी मोजत नव्हतं. पेटी जराही न डुचमळता पुढे जात होती आणि तिच्याखाली माणसं पाण्यासारखी बदलत होती. तिनं लहानपणी हे वीसेक वेळा पाहिलं असेल आणि कधी पाहिलं नव्हतं. इतकी नेमकी, इतकी मुकी, इतकी देखणी गोष्ट तिनं शहरात कुठे पाहिली होती? तिथे लोक वाद्यं घेऊन, महिनाभर तालीम करून यातलं निम्मं साधतात आणि वर टाळ्या घेतात.

खड्डा शेजाऱ्यांनी खणला होता. एका बाजूला मातीचा ढीग, त्यावर ओली चादर. फार्कर काळ्या कोटात डोक्याशी उभा राहिला, खिशातून कागद काढला आणि बसमध्ये मुलांची हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाला, "नंबर एक."

हाच तो क्षण. ती न जाता उभी राहिली तर फार्कर दुसऱ्यांदा पुकारणार नव्हता. एक नंबरची दोरी तशीच झाकणावर पडून राहिली असती. ती गेली तर रूरीच्या हातातलं काढून घेऊन जाईल, सगळ्यांदेखत. तिनं रूरीकडे पाहिलं. तो खाडीकडे बघत होता. मग त्यानं हनुवटी किंचित हलवली, गाडीच्या चाकावरून बोट उचलावं इतकी. ती पुढे गेली. चाळीस-पन्नास माणसं होती. कुणीही मान वळवली नाही, आणि त्या न वळलेल्या मानांमधून चालताना तिला वाटलं, आपल्याकडे एवढ्या सभ्यपणे आजवर कुणी पाहिलेलं नाही. दोरी काळी, पिळाची, टोकाला गोंडा. ती तळहातावर थंड लागली.

"नंबर दोन." रूरी पायाकडे गेला. तीन, चार, पाच. "नंबर सहा," फार्कर म्हणाला, आणि थांबला. खाडीवरून एक पक्षी ओरडत गेला. "आधीच गेला," फार्कर म्हणाला, आणि सहाची दोरी गुंडाळून झाकणावर ठेवली. सात. आठ.

मग वजन आलं. तिला वाटलं होतं दोऱ्या शोभेच्या असतील, शहरात असतात तशा. नव्हत्या. खड्ड्यावर पेटीखाली आडव्या टाकलेल्या फळ्या काढून घेतल्याबरोबर बाप एकदम तिच्या हातात आला, सगळा. आक्रसला तरी एवढा होता. खांद्यापासून पाठीत कळ गेली. दोरी तळव्यातून सरकू लागली आणि तिला ती सरकू द्यायची होती पण सोडायची नव्हती, या दोहोंमध्ये जी अर्ध्या बोटाची जागा असते तिथं ती उभी होती. समोर, पेटीच्या पलीकडे, रूरी. दोघांच्या मध्ये बापाची लांबी. ती सोडेल तेवढंच तो सोडत होता. ती थांबली की तो थांबत होता. तेहेतीस वर्षांत त्या दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम, आणि एक शब्द न बोलता ते तंतोतंत जमत होतं. क्षमा, शिक्षा, आवड. फायलीतली तिन्ही कारणं तिला आठवेनात. हातात फक्त वजन होतं आणि ते हळूहळू खाली जात होतं. खाली टेकल्याचा आवाज तिनं मोजला नाही. दोरी एकदम हलकी झाली. तिनं ती आत टाकली, आणि गोंडा लाकडावर पडला.

माती गावकऱ्यांनीच लोटली. कोट काढून, फावडी हातोहात फिरवत, जाणकार घाईनं. ती फाटकाशी जाऊन उभी राहिली, जिथे शोनाक एका तबकात ओटची बिस्किटं आणि चीज घेऊन थांबली होती आणि व्हिस्कीचा एकच पेला सगळ्यांमधून फिरत होता. थोड्या वेळानं रूरी आला, घाम पुसत. त्यानं बिस्किट घेतलं. तिला आता भीती वाटत नव्हती. हाताला अजून दोरीचा वळ होता आणि त्या वळानं तिला एक असभ्य गोष्ट करण्याचं धैर्य दिलं.

"रूरी, एक विचारू?"

शोनाकनं सभ्यपणे दोन पावलं बाजूला जाऊन पाठ केली, म्हणजे तिला नीट ऐकू येईल.

"विचार," रूरी म्हणाला.

"एक नंबर मला का दिला त्यानं?"

रूरीनं बिस्किट संपवलं. मिशीवरचे कण झटकले. "पायाकडे पाणी लागतं."

"काय?"

"खड्ड्याच्या पायाकडच्या अंगाला. खाली झरा आहे. त्यानं स्वतः येऊन बघितलं होतं, काठी घालून. डोक्याकडे खडक आहे, कोरडा. म्हणाला, इशबेल शहरातले बूट घालून येणार, तिला डोक्याकडे उभं करा."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि तुला वाईट नाही वाटलं?"

रूरीनं खरोखर विचार केला. "दोन नंबरला जरा जास्त वाकावं लागतं."

"मग मला सांगितलं का नाहीस? काल मी कार्ड पुढे ठेवलं तेव्हा?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस, हे तुझं आहे. ते नव्हतं." त्यानं पेला तिच्याकडे दिला. "घे. थंडी आहे."

तिनं घोट घेतला आणि खाली पाहिलं. रूरीच्या सुटाची पँट रबरी बुटांत खोचलेली होती आणि बुटांवर घोट्याच्या वर चार बोटं काळा चिखल होता. तिचे बूट कोरडे होते.